हैमाच्या कॅफेटेरियात दिलेला कौल

सलालाहला खरीफ बघायला जायचं, हे मस्कतला आल्यापासून दर उन्हाळ्यात ठरायचं आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं. खरीफ म्हणजे ओमानच्या दक्षिण टोकाचा पावसाळा. इकडे मस्कतमध्ये दुपारी गाडीच्या दाराला हात लावला की चटका बसतो, तेव्हा तिकडे लोक जाकिटं घालून धुक्यात हिंडत असतात, असं सगळे सांगायचे. या वर्षी अखेर जाणं झालं, ते आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीमुळे.

आमच्या गटातून अध्यक्षपदाला दोघे इच्छुक होते. एक वैद्य सर, पुण्याचे इंजिनिअर, एका कंत्राटदार कंपनीत मॅनेजर. दुसरे सावंतकाका, कुडाळकडचे, एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. दोघेही उभे राहिले तर मतं फुटणार आणि समोरचा गट आरामात येणार. म्हणून ठरलं, की गटातल्या सभासदांचा कल आधी घ्यायचा, जो मागे असेल त्याने आपणहून थांबायचं, आणि नाव मंडळाच्या सलालाह शाखेबरोबर जेवताना जाहीर करायचं. शाखेचा मान राहील आणि आपला खरीफही होईल.

कल घ्यायचं काम माझ्यावर आलं. मी बारावी नापास, मस्कतमध्ये रुवीतल्या हार्डवेअरच्या दुकानात स्टोअरकीपर. पण अमेरिकेत पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायची शर्यत चालते ना, तिच्या जनमत चाचण्या मी फोनवर रोज वाचतो. कुणी आयोवात पुढे, कुणी न्यू हॅम्पशायरमध्ये, देशभराचा आकडा वेगळा आणि एकेका राज्याचा वेगळा, दोघांतलं अंतर मार्जिन ऑफ एररच्या, म्हणजे चुकीच्या मर्यादेच्या, आत असेल तर पुढे-मागे असं काही म्हणायचंच नसतं, हे मी दार्सैतच्या आमच्या खोलीत जेवताना सांगत बसायचो. खोलीतले हसायचे. "ह्याला आयोवा पाठ आहे, भाजी आणायची पाळी कुणाची ते माहीत नाही." पण वैद्य सरांनी एकदा ते ऐकलं आणि बैठकीत म्हणाले, "आपल्याकडे अ‍ॅनालिस्ट आहे की!" इंजिनिअर माणसाने चारचौघांत मला तसं म्हणावं, याचं मला फार अप्रूप वाटलं. ते मी लपवत नाही.

काम मी मन लावून केलं. प्रश्नाचे शब्द सगळ्यांना तेच. एका फोनला सरांचं नाव आधी, पुढच्या फोनला काकांचं, म्हणजे आधी ऐकलेल्या नावाचा फायदा कुणाला नको. मस्कत, सोहार, सूर, सलालाह, फॅमिलीवाले आणि बॅचलर (म्हणजे इकडे बायकोपोरांशिवाय राहणारे), सगळे आपापल्या प्रमाणात. माझ्या फोनचा बॅलन्स पुरणार नव्हता, तर सर स्वतःहून म्हणाले, "माझा फोन संध्याकाळी घेत जा. कंपनीचा प्लॅन आहे, मिनिटं फुकट." कल स्पष्ट आला. सर पुढे, आणि अंतर चुकीच्या मर्यादेच्या पुष्कळ बाहेर.

इकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारी, म्हणून गुरुवार आणि रविवारची रजा टाकून आम्ही पहाटे रुवीहून निघालो. भाड्याची छोटी बस आणि पेशावरचा ड्रायव्हर. चार जणांत गाडी भाड्याने घेतलीत तरी चालेल, पण हजार किलोमीटरचा रस्ता आहे आणि अदमच्या पुढे बघायला काहीही नाही. खरोखर काहीही नाही. सपाट, पिवळट, क्षितिजापर्यंत. रस्ता उत्तम, त्यामुळेच डोळा लागतो. दोन चालक ठेवा. पंप दिसला की टाकी भरा, पुढचा कधी येईल याचा भरवसा नाही. स्वच्छतागृहांचंही तेच. घरून पोळ्या आणि लसणाची चटणी घ्या. वाटेत पराठा-ऑम्लेट आणि चहा यापलीकडे फारसं मिळत नाही, पण चहा मात्र शंभर बैशात, म्हणजे रियालच्या दहाव्या हिश्शात, झकास मिळतो.

हैमा हे अर्ध्या वाटेवरचं गाव. तिथल्या कॅफेटेरियात आमची बस थांबली. सगळे पराठ्यांच्या मागे, आणि सावंतकाका माझ्या टेबलाशी आले. काकांना पुढच्या वर्षी कायमचं गावी जायचंय. मंडळाच्या गणपतीत बॅचलर पोरांना आरतीचा पास मिळत नाही, फक्त दुसऱ्या पंक्तीच्या जेवणाचा मिळतो. ते बदलायचं, एवढ्यासाठी काकांना एक वर्ष अध्यक्ष व्हायचं होतं. त्यांनी स्वतः पंधरा-वीस वर्षं दुसऱ्या पंक्तीत जेवून काढली आहेत.

"निलेश, देवाक कौल लावतत तसा तुका विचारतंय. खरा सांग. माझा काय होतला?"

मी सांगितलं. हळू आवाजात, समजावून. अंतर मोठं आहे. "बघूया, इन्शाल्ला" म्हणणारे बरेच आहेत, पण ज्यांचं ठरलंय ते जसे वाटले गेलेत तसेच तेही वाटले जातील असं धरायचं असतं.

"म्हंजे पोरांकाय मी नको?"

"बॅचलरांतही सरच पुढे आहेत, काका."

त्यांनी चहाचा ग्लास टेबलावर गोल फिरवला. "तू बोलतंस तर बरोबरच आसतला." आणि उठून थेट सरांकडे गेले, हात पुढे केला, म्हणाले, "साहेब, तुम्हीच राहा." टाळ्या झाल्या. वैद्यवहिनींनी बेसनाचे लाडू काढले. एक काकांनीच मला आणून दिला. मला आनंद झाला होता. माझ्या आकड्यांमुळे भांडण टळलं, असं मला वाटत होतं.

थुमरैत गाव ओलांडलं की डोंगर उतरताना चमत्कार होतो. एका वळणापर्यंत ऊन, वाळू, उंट. आणि पुढच्या वळणावर काचेवर पाण्याचे बारीक थेंब, वायपर सुरू, दोन्ही बाजूंना हिरवं. बसमध्ये सगळे एकदम ओरडले. ड्रायव्हर म्हणाला, "यल्ला, खिडक्या उघडा." कोकणातल्या माणसाला हिरवळीचं काय कौतुक, असं मी म्हणायचो. पण दिवसभर वाळू बघून आल्यावर गवताचा वास आला, तेव्हा मीच सगळ्यांत आधी डोकं खिडकीबाहेर काढलं. हंगामात हॉटेलं महाग असतात, आधी सांगून फ्लॅट घ्या. उतार धुक्यात आहे, चालवणाऱ्याशी गप्पा मारू नका.

शुक्रवारी सकाळी सलालाह शाखेचे तांडेल आम्हाला फिरवायला आले. वेंगुर्ल्याचे, बंदरात इलेक्ट्रिशियन. शहरातच रस्त्याच्या कडेला केळी-नारळाच्या बागा आहेत आणि त्यांना लागून शहाळ्यांच्या ठेल्यांची रांग. शहाळं अर्ध्या रियालपर्यंत, मलई हवी तर तसं सांगा. बाकीचे फोटो काढत होते. मी तांडेलांना म्हटलं, "तुमच्याशी मी फोनवर बोललोय. ती पाहणी माझीच."

"ती तुझी?" ते मोठ्याने हसले. "मी म्हटलंय, वैद्य साहेब आपल्या माणसाक पुढे करून कोण खयच्या बाजून हा ता बघतत."

"म्हणजे?"

"अरे, फोनवर नाव खयचा इला? वैद्य साहेब! माझ्या पुतण्याचो व्हिसो त्यांच्या कंपनीत अडकलोहा. तू इचारतंस, साहेब की सावंत? मी काय सांगतलंय, सावंत?"

मी म्हटलं, "पण मी सांगितलं होतं, नाव कुणाला कळणार नाही म्हणून."

"साहेबांच्या फोनवरून सांगितलंस ता." त्यांनी शहाळं उपडं करून शेवटचा घोट घेतला. "आमच्याकडचे सगळे तसाच बोलले. ज्यांका खोटा बोलाक जमला नाय ते बोलले, बघूया इन्शाल्ला. सावंतांका सांगू नको हां, तेंका बरा वाटाचा नाय. मतदानाक देतलंय मी तेंकाच."

मतदानाला काका उभेच नव्हते. ते तांडेलांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

शहाळं माझ्या हातात तसंच राहिलं. दुसऱ्यांच्या चाचण्या वाचताना मी पहिलं बघतो, की ही कुणी घेतली आणि खर्च कुणाचा. खोलीतल्यांना ते मी शंभरदा ऐकवलंय. स्वतःच्या वेळी मी नावांचा क्रम बदलत बसलो. आखातात राहून, साहेबाचा फोन वाजला की माणूस आधी उभा राहतो आणि मग उचलतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीही तसाच उचलतो.

दुपारी मुगसैलला गेलो. इथे समुद्र खडकांच्या खालून येतो आणि जमिनीतल्या भोकांतून उंच उडतो. जरूर बघा, फक्त कठड्याच्या आत राहा आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. सगळे भिजायला पुढे गेले, तेव्हा मी वैद्य सरांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

सर खरोखर गोंधळले. "अरे, मी मिनिटं फुकट आहेत म्हणून दिला होता रे फोन!" ते खोटं बोलत नव्हते, हे मी खात्रीने सांगतो. मग त्यांचा बैठकीतला आवाज परत आला. "हे बघ निलेश, काकांनी इतक्या ग्रेसफुली माघार घेतली. आता मेथडॉलॉजी उकरून काढण्यात काय पॉइंट आहे? वातावरण बिघडेल. आणि एका तांडेलांवरून तू सगळ्यांचं कसं ठरवतोस? तूच सांगतोस ना, एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही?"

मी म्हटलं, "हो सर."

"बाय द वे, नव्या कमिटीत तुझं नाव घेतोय. चिटणीस."

मी "नको" म्हणालो नाही. तेवढ्यात पाणी उडालं, सगळे ओरडले, आणि मी गप्प राहिलो त्याला ते एक निमित्त झालं.

संध्याकाळचं जेवण इत्तीनच्या डोंगरावर होतं. तिथे हंगामात लोक गवतावर चटया टाकून बसतात, मिश्काक म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या काड्या मिळतात. आमच्यातल्या शाकाहारींनी मक्याच्या कणसांवर भागवलं. सलालाहची शाखा आली होती, तांडेलही. सरांनी भाषणात काकांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं आणि म्हणाले, "हा निर्णय कुणाच्या इच्छेवर नाही, एका शास्त्रीय पाहणीवर झालाय. निलेश, जरा उभा राहा." मी उभा राहिलो. टाळ्या वाजल्या. तांडेलांच्या हातातली काडी तशीच राहिली होती. आधी त्यांनी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग काडी ताटात ठेवून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात काका वाजवत होते.

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी "धन्यवाद" म्हणालो आणि बसलो.

शनिवारी वादी दर्बातला गेलो. हिरवी दरी, पाण्यात होड्या, काठाला उंट चरतात. ज्यांना जायचंय त्यांनी सकाळी लवकर जा, दुपारी गाड्यांची रांग लागते. माझ्याकडे तिथले पुष्कळ फोटो आहेत. एकातही मी नाही.

रविवारी परतताना वाळवंट सुरू झाल्यावर मी काकांशेजारी जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं: फोन, तांडेल, मुगसैल, इत्तीनवर गप्प राहिलो तेही. मला वाटलं होतं, शिव्या घालतील. मला त्या हव्याही होत्या.

काकांनी मान वळवली. "तांडेल असा बोललो? माकाच देतलो म्हणून?"

"हो."

"आणि त्यांच्याकडचे?"

"त्यांच्याकडचेही, म्हणाले."

काकांचा चेहरा उजळला. मी खोटं सांगत नाही, माणूस लहान पोरासारखा हसला. "म्हंजे होते तर माझे लोक." खिडकीबाहेर बघत बराच वेळ ते हसत राहिले. मग म्हणाले, "आता परत उभो रवलंय तर लोक म्हणतले, खुर्चीसाठी लोळण घेता. ता खलास. पण माका सांग, असे किती आसतीत?"

"आता सांगता येणार नाही, काका."

"अंदाजान सांग. तुका येता ता."

मला येत नव्हतं. मी म्हटलं, "परत फोन करून बघतो. माझ्या फोनवरून."

मस्कतला येऊन आता महिना होत आला. सहल म्हणून विचाराल तर जरूर जा. जाण्या-येण्याचे दोन दिवस वाळवंटात जातात, पण तो एक उतार त्याची भरपाई करतो. इकडे चिटणीसपदाला मी नाही म्हणून कळवलं. पाहणी कुणाच्या फोनवरून झाली ते गटाच्या ग्रुपवर लिहिलं. त्याखाली कुणीतरी नमस्काराचे हात टाकले आणि पुढचा मेसेज कोजागरीच्या हॉलचा होता.

आणि मी फोन केले. माझ्या नंबरवरून, माझा बॅलन्स घालून, प्रत्येकाला. आधी सांगायचो, वैद्य सरांचा यात संबंध नाही, त्या वेळी तुमच्या मनात खरं कोण होतं तेवढं सांगा. लोक मनमोकळं बोलले. जवळजवळ सगळे म्हणाले, सरच की, पहिल्यापासून सरच. एकदा नाव ठरलं की माणसाला आपण जिंकणाऱ्याबरोबरच होतो असं वाटायला लागतं, हेही मी वाचलेलं आहे. ते खोटं बोलत नाहीत. त्यांना आता तसंच आठवतं. काकांचे लोक किती होते ते मोजायची एकच वेळ होती, ती गेली.

काका दर शुक्रवारी फोन करतात. तब्येत विचारतात, गावच्या पावसाचं सांगतात, आणि शेवटी सहज विचारल्यासारखं विचारतात, "झाले काय रे फोन? किती निघाले?"

यादीतला शेवटचा फोन करून झाल्याला आता बरेच दिवस झाले. परवाही मी त्यांना म्हटलं, "थोडे राहिलेत, काका."

"होवंदे, सावकाश," ते म्हणाले. "माका घाई नाय."