मापाने लावलेले शर्ट

माणूस शिक्षा भोगून सुटला की सरकार त्याला सोडतं, गल्ली सोडत नाही. हे मी माझ्या दिराचं पाहून सांगते.

भाऊजींनी चोरी केली होती, मी कुठे नाही म्हणते? समोरच्या घड्याळजींचं दुकान फोडलं, पकडले गेले, शिक्षा झाली, ती पुरती भोगली. तुरुंगात त्यांना कपडे धुण्याच्या कामाला लावलं होतं. सुटून आले तेव्हा मी म्हटलं, लाँड्री आपलीच आहे, उभे राहा टेबलापाशी. इस्त्री अशी करायचे की बघत राहावं. बोलणं मात्र मोजकं. नुसतं लोटलेलं दार असलं तरी कुणी उघडेपर्यंत बाहेरच थांबायचे. मी ओरडायचे, "अहो, हात लावा ना त्याला, चावत नाही ते!"

मग एके दिवशी कोपऱ्यावरच्या इमारतीचा सेक्रेटरी एक जुना पांढरा शर्ट नाचवत आला.

"माझा नवा ढापला आणि हे फडकं गठ्ठ्यात सरकवलं!" भर रस्त्यात त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू. "चोराला कामाला ठेवल्यावर दुसरं काय होणार? शनिवारपर्यंत याला काढा, नाहीतर आमच्या इमारतीतला एक रुमालही तुमच्याकडे येणार नाही."

ती इमारत म्हणजे आमचं निम्म्याहून जास्त काम. ते गेलं तर भाऊजींना मी ठेवणार कशावर? आणि दुसरीकडे त्यांना दारात तरी कोण उभं करणार होतं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून संताप आला तो भाऊजींचा. खाली मान घालून उभे!

सेक्रेटरी तो शर्ट टेबलावर फेकून गेल्यावर मी म्हटलं, "तोंडात मिठाची गुळणी धरली होती का?"

"मी नाही घेतला, वहिनी. पण माझं कोण ऐकणार?"

मी ऐकणार होते. आधीच्या आठवड्यात मी तापाने घरी पडून होते आणि गठ्ठे त्यांनी एकट्याने बांधले होते. मी आतल्या फळीकडे पाहिलं. आमच्याकडे प्रत्येक घराचे कपडे वेगळे ठेवायची पद्धत. इथे सगळे मोठे शर्ट एका थप्पीत, मध्यम दुसऱ्या, लहान तिसऱ्या.

"हे काय केलंय?"

"मापाने लावलेत. तिकडे असंच लावायचो." मग जरा ओशाळून म्हणाले, "तिकडे कपडा कुणाचा नसतो, वहिनी. आपल्या मापाचा आला की घालायचा."

रंगीत कपडे ओळखून ज्याच्या त्याच्या गठ्ठ्यात गेले होते. पांढऱ्यांत घोळ झाला होता. मी तो जुना शर्ट उजेडात धरला. कॉलर झिजल्यावर उलटवून शिवलेली, मनगटावर तेलाचा बारीक काळा डाग. घड्याळजींचा! आमच्या लाँड्रीत कपडा टाकणार नाही असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. त्यांच्या घरच्या काकू मात्र मागच्या दाराने गपचूप बोचकं देऊन जायच्या.

मी तशीच समोर गेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते.

"काका, तुमच्या कपड्यांत नवा शर्ट आलाय?"

"आलाय."

"सेक्रेटरी रस्त्यात बोंबलत होता, ते ऐकलंत?"

"ऐकलं." त्यांनी भिंग काढलं. "म्हटलं, भोगू दे."

"भोगलं की! अजून किती? चोरी केली म्हणून तुरुंगात, नाही केली म्हणून रस्त्यात? शनिवारी त्यांचं काम जाईल, तेव्हा पोट भरेल ना तुमचं?" आणखीही बरंच बोलले, ते सगळं लिहिण्यासारखं नाही.

शनिवारी सेक्रेटरी दोघा साक्षीदारांना घेऊन हजर झाला, जणू फाशीच द्यायची होती. तेवढ्यात घड्याळजी रस्ता ओलांडून आले. अंगात तोच नवा शर्ट.

"हा चुकून माझ्या कपड्यांत आला होता," ते सगळ्यांसमोर म्हणाले. "मला कळलं होतं. मी मुद्दाम गप्प बसलो."

आणि तिथेच बटणं काढून त्यांनी शर्ट उतरवला. सेक्रेटरीने काय करावं? बटणं तपासली! म्हणे, "चुरगळलाय." भाऊजींनी मुकाट्याने इस्त्री फिरवली. शर्ट काखेत मारून तो गेला, माफीचा शब्दसुद्धा नाही. असल्या माणसाला लोक सेक्रेटरी करतात.

घड्याळजी बनियनवरच बाकावर बसून राहिले. भाऊजींनी त्यांचा जुना शर्ट टेबलावर घेतला.

"राग नाही आला तुला माझा?" घड्याळजींनी विचारलं.

"आला. खूप आला."

"मग?"

भाऊजींनी इस्त्री उभी करून ठेवली. "तुम्ही आपल्या पायांनी सांगायला आलात, काका. मला धरून आणावं लागलं होतं."

भाऊजींनी शर्ट पुढे धरला तसे घड्याळजी उठले आणि एक बाही चढवली. दुसरीत हात काही केल्या जाईना. तेव्हा भाऊजींनीच तो धरून अलगद बाहीत घातला.