नाव कापलेल्या फिल्म्स

आमच्या रविवारच्या चित्रमंडळाचा नियम एकच होता: कामावर नाव घालायचं नाही. हा नियम माझ्या आगाऊपणामुळे आला. सुरुवातीला डॉक्टरकाकांनी कागदावर काहीही फराटे मारले तरी बाकीचे "वाह जी वाह" करायचे. ते वयानं मोठे, छातीचे नावाजलेले डॉक्टर, आणि चंदीगडच्या हिवाळ्यात खोकला कुणाला चुकलाय? मी एकदा वैतागून म्हटलं, दाद चित्राला देताय की ओळखीला? तेव्हापासून सगळ्यांची कामं एकत्र मिसळून भिंतीला टेकवून ठेवायची आणि कुणाचं काय ते न विचारता बोलायचं, असं ठरलं. माझ्या चित्रांबद्दल लोकांना खरोखर काय वाटतं ते मला त्यानंतर कळलं. असो.

आम्ही पाच जण होतो. डॉक्टरकाका मूळचे साताऱ्याचे. सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेतला एक इंजिनिअर होता, पानिपतचा, बोलायला गोड. जिच्या घरामागच्या अंगणात आम्ही जमायचो ती पंजाबी आंटीजी. चौथी माझी मैत्रीण, हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको, नागपूरची. आणि मी. या शहरात मोकळ्या गळ्यानं मराठीत भांडता येईल अशी हीच एक नागपूरकरीण मला मिळाली होती. घरी नवऱ्याला भांडायचा आळस, आणि लेकीला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत येतं. मराठीतल्या रागाला हिंदीत उत्तर आलं की निम्मी मजा जाते.

रंगांच्या पेट्या आम्ही कधीच बाजूला ठेवल्या होत्या. मुल्लानपूरला नव्या इमारतींचे पाये खणतात तिथली माती चाळून आणली, हळद उकळली, बीट किसलं, आंटीजींच्या जुन्या दुपट्ट्यांवर चहाचे डाग पाडले. त्या हिवाळ्याच्या शेवटी इंजिनिअरनं उन्हाची छपाई आणली. कागदाला एक द्रावण लावायचं, अंधारात वाळवायचं, वर काहीतरी ठेवून उन्हात धरायचं. ऊन पोचेल तिथे कागद निळा होतो, सावली राहील तिथे पांढरा. पानं झाली, जाळीची लेस झाली. मग नागपूरकरीण म्हणाली, "घरोघरी गादीखाली एक्स-रे पडून राहिले आहेत. ते लावून पाहू ना!"

सगळ्यांनी आणले. मी नवऱ्याचा आणला. सेक्टर सदुसष्टच्या औषधसंस्थेत तो संशोधन करतो; विम्यासाठी कधीतरी छातीचा एक्स-रे काढला होता, सगळं ठीक आहे असा शेरा घेऊन तो कपाटावर जाऊन पडला होता. इंजिनिअरनं नोकरीला लागतानाचा स्वतःचा आणला. नागपूरकरणीनं तिच्या नवऱ्याचा, गेल्या वर्षीच्या खोकल्यातला. आंटीजींनी त्यांच्या वारलेल्या यजमानांचा. डॉक्टरकाकांनी स्वतःच्या कमरेचा. आणि नियमाप्रमाणे आम्ही प्रत्येक फिल्मचा नाव-तारखेचा कोपरा कात्रीनं कापून टाकला. डॉक्टरकाका तर म्हणाले, "छान. रोग्याचं नाव असं उघड्यावर नसावंच." त्या दिवशी ढग आले, छपाई राहिली. फिल्म्सचा गठ्ठा आंटीजींकडे राहिला, आणि कापलेले कोपरे कचऱ्याच्या गाडीबरोबर गेले.

पुढच्या रविवारी लख्ख ऊन पडलं. छापलेले कागद आम्ही पाण्यात धुतले तेव्हा मी खरंच टाळ्या वाजवल्या. फिल्ममध्ये जे काळं ते कागदावर पांढरं आलं होतं: फुफ्फुसं पांढरी, फासळ्या निळ्या. दोरीवर चिमट्यांनी सगळे लावले. डॉक्टरकाका चष्मा पुसत एकेक बघत चालले होते आणि एका कागदापाशी थांबले. मला वाटलं, आता रचनेवर व्याख्यान होणार.

ते मागे वळले आणि टेबलावरच्या फिल्म्स उचलून एकेक आकाशाकडे धरायला लागले. त्यातली एक त्यांनी खाली ठेवलीच नाही. "यह किसकी है?" त्यांनी विचारलं. आवाज असा काही होता की आंटीजींच्या हातातली बादली तिथेच राहिली.

कॉलरच्या हाडाच्या आड, पांढऱ्या फुफ्फुसात एक निळा ठिपका होता. वाटाण्याएवढा. ते म्हणाले, तिथे असला की भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. काही नसेलही, जुना डाग असेल. पण गाठ असेल तर थांबून चालणार नाही. "किसकी है?" त्यांनी पुन्हा विचारलं.

कुणालाच सांगता येईना. मी ती फिल्म हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. इतकी वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्याची छाती मला ओळखता येत नव्हती. नागपूरकरीण माझ्या खांद्यावरून बघत होती, तिलाही येत नव्हती. आंटीजी हळूच पुढे आल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाब, इनकी होगी. जो चला गया, उसी की निकले." देवाशपथ सांगते, माझ्या मनात त्या क्षणी आलं, हो, त्यांचीच असू दे. पण डॉक्टरकाकांनी मान हलवली. आंटीजींच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. छातीच्या हाडाला तारेचे टाके असलेली त्यांची फिल्म दुसरीच होती, ती स्पष्ट दिसत होती.

म्हणजे उरले तिघे. इंजिनिअर, माझा नवरा, तिचा नवरा. इंजिनिअर शर्टावरूनच स्वतःचं कॉलरचं हाड चाचपत होता. डॉक्टरकाका म्हणाले, जुन्या फिल्म्सचे मालक शोधत बसू नका, तिघांनीही उद्या नवीन एक्स-रे काढा आणि मला पाठवा. कागद दोरीवर तसेच टाकून आम्ही घरी गेलो. त्या दिवशी चित्रांवर कुणी बोललं नाही.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "माझ्या छातीत काय सापडणार, तिथे तू ठाण मांडून बसली आहेस." एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. सकाळी पोह्यांचा घास त्याला ठसकला आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. लेक म्हणाली, "मम्मा, आप पापा को ऐसे घूर क्यों रहे हो?" मी तिच्यावर खेकसले. मग एक्स-रे काढायला मीच त्याच्याबरोबर गेले. तिथे शर्ट काढून तो आत गेला आणि मी त्याचा शर्ट मांडीवर घेऊन बसले. रडले नाही. मी फक्त हिशेब करत होते, आणि तो हिशेब किळसवाणा होता.

हिशेब असा, की तो ठिपका कुणाचा तरी आहेच. आमचा नसेल तर त्या दोघांपैकी एकाचा. इंजिनिअरची आई पानिपतला एकटी आहे. नागपूरकरणीची दोन्ही मुलं अजून शाळेत. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी मी मनात म्हणत होते, त्यांचा असू दे. एकदाच म्हटलं असतं तर भीतीनं म्हटलं असं सांगता आलं असतं. मी सकाळभर म्हणत होते.

दुपारी आमच्या ग्रुपवर इंजिनिअरचा मेसेज आला. "सब ठीक है जी. वाहेगुरु की मेहर." खाली आंटीजींचे जोडलेले हात आले, डॉक्टरकाकांचा अंगठा आला. मीही अंगठा पाठवला. नागपूरकरणीनं फुलं पाठवली. तिनं ती कशी पाठवली असतील ते मला ठाऊक आहे, कारण माझा अंगठा मी पाठवण्याआधी दोनदा पुसला होता. तिघांतला एक सुटला म्हणजे आता ती आणि मी. तिच्या नवऱ्याला ड्युटीमुळे दुपारनंतरच एक्स-रे काढायला जाता येणार होतं.

थोड्या वेळानं डॉक्टरकाकांचा फोन आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. "अगं, तुझ्या नवऱ्याचं साफ आहे. मी दोनदा बघितलं."

मी स्वयंपाकघरात होते. ओट्याला धरून खाली बसले आणि हसले. अगदी आवाज करून हसले. आनंद झाला, खूप झाला, खोटं कशाला बोलू. फोन ठेवताना काका म्हणाले, "ग्रुपवर इतक्यात टाकू नकोस." तेव्हा मला ती आठवली.

आणि लगेच तिचाच फोन आला. "काय करून राहिली?"

"काही नाही. बसलेय."

"तुझा आला का?"

अजून नाही असं म्हणता आलं असतं. संध्याकाळपर्यंत तेवढीच तिला सवड मिळाली असती, असं मी स्वतःला समजावलंही असतं. पण तिच्याशी खोटं बोलायची मला सवय नव्हती. "आला," मी म्हटलं. "साफ आहे."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे आमचाच."

"अगं, तुमचा अजून काढलेला पण नाही. जुना डाग असेल, काका म्हणालेच ना..."

"तीन होते. दोन सुटले. मले गणित येते." चिडली की तिच्या तोंडी घरची भाषा यायची. मग म्हणाली, "एक सांगू? सकाळपासून देवापुढे बसली होती मी. तुझ्या नवऱ्याचं नाव घेऊन. तुमचाच निघू दे म्हणून."

"मी पण," मी म्हटलं. "तुमचाच म्हणून."

ती रागावली नाही. "मग माझ्या देवानं ऐकलं नाही," ती म्हणाली. "ये तू. हे घरी यायच्या आत ये. यांच्यासमोर मी कोणतं तोंड करू, मला सुचत नाही."

मी लेकीला शेजारी सोडलं आणि स्कूटर काढली. तिच्या क्वार्टरचं दार उघडंच होतं. ती जेवणाच्या टेबलापाशी बसली होती, मुलं खेळायला गेलेली, शाळेतून आलेले त्यांचे डबे पुढ्यात, धुवायचे राहिलेले. वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवत आले होते: लवकर सापडलं, काका आपले आहेत, आजकाल सगळ्यावर उपाय आहेत. त्याऐवजी मी तिच्या पुढ्यातला एक डबा उचलला आणि सिंककडे निघाले.

तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि पायानं खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बस," ती म्हणाली. "आणि आधी हसून घे. तुझ्या नवऱ्याचा साफ आलाय. माझ्यासमोर दाबून नको ठेवू, मला दिसून राहिलं ते."