आवाज गेला त्या वर्षीची उपासना

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपुरात आम्हाला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती. माझे यजमान तिथल्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर. लाऊडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा त्यांचा आवाज होता. गाणं बेसूर, पण प्रार्थना करू लागले की पोरंसुद्धा चुळबुळ थांबवायची. मी घरी आल्यावर म्हणायची, "अहो, जरा हळू बोलत जा, मी पहिल्याच बाकावर असते."

मग त्यांचा घसा बसला. हवा बदलली म्हणून बसला असेल, असं वाटून आम्ही दोन महिने हळद-दूध आणि मिठाच्या गुळण्यांवर काढले. इंदूरला दाखवलं तेव्हा गाठ निघाली. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, पण आवाज आता येणार नाही." ते ऐकताना मी यांच्याकडे बघितलं. यांनी फक्त मान हलवली, जणू कुणी बसची वेळ सांगितली होती.

घरी आल्यावर मंडळीच्या पंचकमिटीतले दोघे भेटायला आले. नवे पाळक यायला वेळ लागणार होता. तोवर उपदेश कोण करणार, यावर दोघं दबक्या आवाजात बोलत होते. यांनी मांडीवरची पाटी उचलली आणि लिहिलं, "ही."

मला हसूच आलं. मी रविवारच्या शाळेत लहान मुलांना गोष्टी सांगत असे, बस. मी म्हटलं, "मला नाही जमायचं." यांनी ते पुसून खाली लिहिलं, "मलाही जमत नव्हतं. प्रभू जमवून घेतो."

पहिल्या रविवारी मी उभी राहिले आणि कागदावरचं एक अक्षर दिसेना. हे समोर बसले होते, गळ्याला पांढरा पंचा गुंडाळून. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते कळलं नाही, पण मी बोलायला लागले. वादळात होडीत झोपलेल्या येशूची गोष्ट सांगितली. मुलांना सांगायचे तशीच. नंतर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पाळकीणबाई, आज पहिल्यांदा मी झोपलो नाही."

असे आठ महिने गेले. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. शनिवारी दुपारी हे पाटीवर मुद्दे लिहीत, मी वाद घालायची, ते खोडून पुन्हा लिहीत. त्यांच्या आवाजाची जागा मी भरून काढते आहे असं मला वाटे, आणि तेवढ्यानं तो आवाज जवळ असल्यासारखा वाटे.

मग नव्या पाळकांच्या नेमणुकीचं पत्र आलं. तरुण माणूस, हिंदी बोलणारा. आल्या आल्या त्यानं विचारलं, "आंटी, उपासना हिंदीत घेतली तर चालेल? मुलं आपसात हिंदीच बोलतात." बरोबर होतं त्याचं. माझ्या शाळेतली मुलंसुद्धा मला "टीचर, आज छुट्टी जल्दी दो ना" म्हणायची. मी "चालेल" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले.

पाळकांचं घर सोडून आम्ही गावातल्याच लालबागकडे दोन खोल्यांत राहायला गेलो. सामान लावता लावता मी यांना विचारलं, "एवढी वर्षं देवानं नेलं तिथं गेलो. आता कुठं जायचं ते का नाही सांगत?"

यांनी पाटी पुसून हातात घेतली. मग लिहिलं, "मला ठाऊक नाही." आणि त्याखाली, "पण तो आपल्या आधी तिथं पोचलेला असेल."

मला ते उत्तर पुरलं नाही. रविवारी मी मागच्या बाकावर बसू लागले. नवे पाळक चांगलं बोलायचे, पण माझे कान दुसरंच काही शोधायचे.

असाच एक रविवार होता. उपासना संपल्यावर जवळच्या फोपनार गावाहून येणारी एक विधवा बाई माझ्याजवळ आली. सत्तरीच्या पुढची. बसनं यायची, कधी चुकायची नाही. म्हणाली, "बाई, मले त्या हिंदीतलं काईच समजत नाही. नुस्ती येते, बसते न जाते."

"मग तुमच्या घरी येऊ का मी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्या गुरुवारी आम्ही दोघं फोपनारला गेलो. तिच्या अंगणात केळीच्या पानांचा ढीग होता, तो बाजूला सारून तिनं सतरंजी टाकली. शेजारच्या दोन बाया कुतूहलानं येऊन बसल्या. मी मेंढपाळाची गोष्ट वाचली, समजावून सांगितली. तिथं उभं राहायचं नव्हतं, बसूनच बोलायचं होतं. मला ते फार सोपं गेलं.

निघताना ती म्हातारी यांच्याकडे वळली. "पास्टरसाहेब, माह्यासाठी प्रार्थना करा."

मी घाईनं सांगितलं, "मावशी, यांना बोलता येत नाही हो."

"देवाले ऐकू येते ना?" ती म्हणाली. "मंग करा."

यांनी पाटी खाली ठेवली. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ओठ हलत राहिले, कितीतरी वेळ. मी अगदी शेजारी होते, तरी एक शब्द ऐकू येत नव्हता. तो मोठा, जरा बेसूर आवाज मला त्या क्षणी फार हवासा वाटला. पण ऑपरेशननंतर पहिल्यांदाच हे दुसऱ्या कुणासाठी प्रार्थना करत होते, आणि त्यांचा चेहरा मंडळीत उभे राहायचे तेव्हासारखाच दिसत होता.

आता दर गुरुवारी आम्ही जातो. जसोंडीच्याही एका घरानं बोलावलं आहे. नव्या पाळकांना सांगितलं, तर ते हिंदीतच म्हणाले, "आंटी, मला मराठी येत असती तर मीच आलो असतो." एकदा ते आमच्याबरोबर आलेसुद्धा, आणि सतरंजीवर बसून ऐकत राहिले.

यांच्या आवाजाची आठवण कमी झालेली नाही. बसमधून परत येताना मी खिडकीकडे तोंड करून बसते, आणि हे माझा हात धरून असतात.