ताईची परात

चीनच्या लढाईच्या साली जबलपूरच्या फॅक्टरी क्वार्टरांत श्यामसुंदरने बायकोला मारून मारून संपवलं आणि ती पडली म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली होती. बायकोच्या धाकट्या बहिणीने, विनताने, तिची पितळी परात तेवढी उचलून आणली.

पुढे कोणाच्याही घरात पोर, बाई, म्हातारं मार खाऊ लागलं की विनता परात बडवायची. फॅक्टरीचा भोंगा वाजल्यासारख्या बायका त्या दारात जमायच्या, मारणारा थांबेपर्यंत हलायच्या नाहीत.

बांगलादेशच्या लढाईच्या साली श्यामसुंदरचाच मोठा झालेला पोरगा बापाला तुडवू लागला. बायका विनताकडे पाहू लागल्या. तिने परात आणखी जोरात बडवली.

पोराच्या हातून सुटल्यावर श्यामसुंदरने हात जोडले.

"परात ओळखली का, भाऊजी?" विनता म्हणाली. "ताईची आहे. एवढ्या स्वस्तात मी तुम्हाले मरू देत नाही."