काच अखंड

भावजी, उत्तर येणार नाही हे ठाऊक असून लिहिते आहे. तुमच्याबद्दल लोक दोन गोष्टी बोलतात: तुम्ही सज्जन होतात, आणि शेवटी शेवटी जरा भ्रमिष्ट झाला होतात. पहिली खरी आहे, दुसरी साफ खोटी. पण तुम्हाला उद्देशून लिहीत राहिले तर मी भांडतच बसेन. तेव्हा थोडा वेळ तुम्ही तिऱ्हाईत व्हा, मीही होते.

तर एक काचवाला होता. खिडक्यांना तावदानं बसवायचा, आरसे कापायचा. हिऱ्याच्या कलमाने काचेवर रेघ ओढायची, हलकेच दाब द्यायचा, की काच नेमकी रेघेवर तुटते. म्हणूनच भूकंप कार्यालयाची माणसं जेव्हा येऊन म्हणाली, की तुमच्या पायाखालच्या खडकातही अशीच एक रेघ आहे, तेव्हा बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या. काचवाल्याला ते लगेच उमगलं.

ही रेघ टेकडीपासून निघून शाळेखालून, त्याच्या दुकानाखालून, पाण्याच्या टाकीखालून पुढच्या तीन गावांकडे जात होती. अलीकडची जमीन एका दिशेला सरकायची, पलीकडची उलट. आजोबांच्या लहानपणी ती एकदा झटक्यात सरकली आणि अर्धं शहर जमीनदोस्त झालं. आता ती कशी वागते हे बघायला भिंतींमधल्या भेगांवर काचेच्या बोटभर पट्ट्या प्लास्टरने घट्ट बसवायच्या होत्या. भिंत हलली की पट्टी फुटणार. दर महिन्याला फॉर्म भरायचा, त्यावर दोनच शब्द: अखंड, फुटलेली. काम अर्थातच काचवाल्याकडे आलं.

पहिली पट्टी दोन महिन्यांत फुटली, शाळेच्या जिन्याखालची. कुणी हात लावला नव्हता, कुणी आवाज ऐकला नव्हता. मधोमध, कलमाने कापल्यासारखी सरळ.

आता फुटकी काच भिंतीवर ठेवायची म्हणजे काचवाल्याची नाचक्की. त्याने ती काढली, तुकड्यावर रंगाने तारीख घातली, नवी पट्टी बसवली आणि मग फॉर्म भरला: अखंड. खोटं काय होतं त्यात? फॉर्म भरताना काच अखंडच होती.

हे वर्षानुवर्षं चाललं. बायको म्हणायची, "भिंतींच्या काचा बदलता, माझ्या चष्म्याची कधी बदलणार?"

"तुझी फुटलेली नाही. चरा पडलाय नुसता."

"बरं. फुटेपर्यंत थांबते."

तुकडे बिस्किटांच्या डब्यात जमत गेले. दुकानाचं दार दरवर्षी चौकटीत अडकायचं, दरवर्षी तो त्यावर रंधा मारायचा. आणि पंधरा वर्षांनंतर पट्ट्या फुटायच्या थांबल्या.

आधी त्याला बरंच वाटलं. मग लक्षात आलं, दारही अडकत नाही. सुट्टीतल्या एका दुपारी रिकाम्या शाळेत त्याने जिन्याखालच्या भिंतीला कान लावला. पूर्वी तिथे कधीमधी बारीक कुरकुर ऐकू यायची, खाटेवर कुणी कूस बदलावी तशी. आता काहीच नाही. शेजारी झोपलेल्या माणसाचा श्वास ऐकू येईनासा झाला की आपण उठून बसतो ना, तसा तो तिथे पायरीवर बसून राहिला. अशी चार वर्षं गेली.

मग शाळेवर आणखी दोन मजले चढवायचं ठरलं. सभेत कार्यालयाच्या इंजिनिअरबाईंनी कागद वाचला: "एकोणीस वर्षांत एकही काच फुटलेली नाही. रेघ थंड आहे."

काचवाला मागून म्हणाला, "आधी सरकत असेल आणि मग थांबली असेल, तर?"

बाई हसल्या. "तर मला झोप लागली नसती. सरकणारी जमीन थांबली म्हणजे कुठेतरी अडकलेली असू शकते, आत ताण साठत जातो. पण इथे तसं नाही, काका. फॉर्म तुमचेच तर आहेत."

तिथून दुकानातला डबा उचलून तो तडक वहिनीकडे गेला. घरात कॉलेजात गेलेली तेवढी एकच; सगळ्यांचे अर्ज तीच लिहायची.

"वहिनी, रागवू नका."

"आधी सांगा, मग ठरवते."

सगळं ऐकून वहिनी म्हणाली, "भावजी, तुम्ही गाढव आहात."

"ते झालंच. आता काय करू?"

"कुठला तुकडा कुठल्या भिंतीचा?"

"हाताला कळतं की." त्याने डोळे मिटून एकेका तुकड्याची कड चाचपली. "ही टाकी. हा शाळेचा जिना. हाही जिनाच."

"कार्यालयाला तुमचा हात पाठवता यायचा नाही. चिठ्ठ्या चिकटवू. तुम्ही सांगा, मी लिहीन."

"आत्ताच बसू."

"आत्ता माझ्या डोळ्यांत औषध घातलंय, अक्षर दिसत नाही. गुरुवारी या."

बुधवारी सकाळी काचवाला दुकानात कोसळला तो उठलाच नाही. हातातलं तावदान तेवढं त्याने टेबलावर नीट टेकवलेलं होतं.

भावजी, डबा घेऊन मी एकटी गेले. बाईंनी तुकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. एकेक तुकडा त्यांनी उलटून पाहिला. मग म्हणाल्या, "तारखा आहेत, जागा नाहीत. आणि फॉर्मवर सही त्यांचीच. वरचे विचारतील, यातलं खरं कुठलं?" शाळेचा पहिला नवा मजला चढलाय, दुसऱ्याच्या सळ्या उभ्या आहेत. मी दर आठवड्याला अर्ज देते. आता भ्रमिष्ट मला म्हणतात.

डोळे मिटून मीही कडा चाचपून पाहिल्या. सगळ्या सारख्याच लागतात.

परवा तुमचं दुकान उघडलं. दार एका बोटाने लागलं, कुठे अडलं नाही. मी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि घरी निघून आले.

तुकडे एकशे त्रेचाळीस आहेत. तेवढ्या चिठ्ठ्या कापून ठेवल्या आहेत, सगळ्या कोऱ्या. पहिला गोंद वाळून गेला. दुसरा आणलाय.