एक खिडकी राहू दे

दोंडाईच्याला रेल्वे रुळांपलीकडे नवे प्लॉट पडलेत. तिथे द्रौपदाबाईंचं घर कुठलं असं विचारलं की लोक सांगायचे, "ते काय, लाल खिडक्यांचं." आता सांगा, लाल खिडक्या काय कुणी हौसेने ठेवतं? तो रंग नव्हताच मुळी. लोखंडाला गंज धरू नये म्हणून खऱ्या रंगाच्या आधी रेड ऑक्साईडचा हात मारतात, तो होता. चार दिवसांत त्याच्यावर रंग चढायचा. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी खिडक्या आपल्या तशाच. आणि खरं सांगायचं तर त्यात पेंटरची काडीचीही चूक नव्हती.

द्रौपदाबाईंनी उभा जन्म मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून काढला. नवरा, यादव, तरुणपणीच गेला. एकुलती एक सपना, तिला शिकवली, सुरतेला दिली. स्वतः मात्र गावातल्या चाळीसारख्या एका ओळीत भाड्याच्या खोलीत राहिल्या. त्या ओळीतल्या एकाही खोलीला खिडकी नव्हती. पुढे दार, वर हातभर झरोका, झालं. दार उघडं ठेवलं की अख्खी ओळ आत. कुणी विरजण मागायला, कुणी सुनेचं गाऱ्हाणं घेऊन, कुणी नुसतंच टेकायला. बाईंना वैताग यायचा. "माझं घर होऊ द्या एकदा," त्या म्हणायच्या, "चारी बाजूंनी खिडक्या ठेवीन. वाटलं तर उघडीन, नाही वाटलं तर लावून घेईन. कुणाच्या बापाचं काय जातं?"

झालं की घर! चारी बाजूंनी खिडक्याही झाल्या. खोलीच्या मालकाला खोली रिकामी हवी होती, म्हणून बाई रंग व्हायच्या आधीच सामान घेऊन राहायला आल्या. पहिल्या सकाळी त्यांनी मोठ्या झोकात पुढची खिडकी उघडली. समोर कच्चा रस्ता, रिकामे प्लॉट, हद्दीचे दगड, दोन बाभळी. मागची उघडली, तर पहिली वेचणी झालेलं कपाशीचं रान. माणूस म्हणून नाही. बाईंनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या आणि चहा टाकला. पातेल्यात पाणी सवयीने भिकुबाईचं धरूनच पडलं.

भिकुबाई म्हणजे ओळीतली शेजारीण. शेतकऱ्याघरची, वयाने थोरली, तोंडाने फटकळ. इतकी वर्षं सकाळचा चहा दोघींचा एकत्र व्हायचा. बाई तिला अक्का म्हणत. नव्या घरातून त्यांनी तिला किती फोन केले असतील! "अक्का, घर बघायला या ना." पलीकडून दर वेळी तेच, "येसू व माय, येसू." पण येते कुठली! गुडघे दुखतात, नातवाची शाळा असते, रिक्षावाला रुळांपलीकडे यायला कुरकुर करतो. सगळी कारणं खरीच होती, हेच तर वाईट. खोटी असती तर भांडता तरी आलं असतं.

सपनाचा फोन रविवारी यायचा. "जेवलीस का? गोळ्या घेतल्यास का? बरं, ठेवते, पोरांचा अभ्यास घ्यायचाय." संपला रविवार.

अशात एक दिवस पेंटर रुपचंद रंगांचं कार्ड घेऊन आला. "मावशी, खिडक्यांचा रंग सांगा. आज सांगितलात तर परवा मोकळा होतो."

बाईंनी कार्ड नीट पाहिलंसुद्धा नाही. "निळा. त्यात काय विचारायचं?"

त्यांच्या जुन्या खोलीच्या दारालाही त्यांनी हौसेने निळाच रंग दिला होता. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दाराला निळा रंग, हे त्यांच्या घराचं ठरलेलंच होतं. रुपचंदने मान हलवली आणि प्रश्न मिटला.

मिटला असता. पण तेवढ्यात सायकल टेकवत पुना नाना आले. ओळीतल्या टोकाच्या खोलीतले, मिरचीच्या आडतीवर हमाली करून थकलेले. बाजारातून परतताना सहज डोकावले. निळा म्हटल्याबरोबर नानांनी कपाळाला हात लावला. "अहो द्रौपदाबाई, समोर कच्चा रस्ता! महिनाभरात निळ्याचा मातकट होईल. तपकिरी लावा, तपकिरी. धूळ बसली तरी कळत नाही."

"असं म्हणता नाना? मग तपकिरीच लावू."

आता बाईंना काय तपकिरी आवडला होता? छे! चांगलं अर्धा तास कुणीतरी दारात उभं राहून त्यांच्याशी बोललं होतं, त्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून म्हणाल्या. पण गंमत पुढेच. दोनच दिवसांनी नाना पुन्हा हजर. "आणला का तपकिरी? गडद घ्या हां, फिका नको." बसले, चहा घेतला, जुन्या ओळीतल्या नळाच्या भांडणाची नवी हकिगत सांगून गेले. त्या संध्याकाळी बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माणसं भेटायला येत नाहीत. सल्ला द्यायला मात्र धावत येतात.

त्यांनी लगेच भिकुबाईला फोन लावला. या वेळी "घर बघायला या" असं म्हणाल्याच नाहीत. म्हणाल्या, "अक्का, खिडक्यांना रंग कोणता देऊ? नाना तपकिरी म्हणतात."

"तपकिरी? त्या पुनाले काय समजस व? थांब, मी उनू!"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा दारात! गुडघे, नातवाची शाळा, रूळ, सगळं विसरून अक्का उतरली. प्रत्येक खिडकीपुढे उभी राहिली, डोळे बारीक केले, गजांवरून हात फिरवला. मग निकाल दिला, "हिरवा लाव. आपला उन्हाया कसा तापस, तुले म्हाईत शे ना? हिरवा डोयासले थंडा लागस."

"हिरवाच लावते अक्का. तुम्ही सांगितलं, ठरलं."

अक्का खूश. दुपारपर्यंत बसली. दोघींनी मिळून ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या, ठेचा केला, आणि जेवणं झाल्यावर तिथेच गार फरशीवर आडव्या झाल्या. बाईंना त्या घरात पहिल्यांदा धड झोप लागली.

इथून पुढे बाई सुटल्याच. सपनाला व्हिडिओ कॉल करून खिडक्या दाखवल्या. "आई, हिरवा नको गं, जुनाट दिसेल. सध्या सगळे ग्रे लावतात." "मग ग्रे!" बाई म्हणाल्या. ती बया रोज फोन करायला लागली. कधी कुणाच्या घराचे फोटो पाठव, कधी "आई, कॅमेरा जरा उजवीकडे धर" म्हण. रोज! स्वतःच्या लेकीने रोज फोन करावा म्हणून खिडकीला मध्ये घालावं लागलं, हे बाईंना टोचलं नाही असं नाही. चांगलंच टोचलं. पण फोन वाजला की टोचणं विसरायला होई. दूधवाल्याने क्रीम सांगितला, त्याला क्रीम कबूल केला. शाळेतल्या जुन्या बाई आल्या, त्यांना चॉकलेटी.

रुपचंदची मात्र पंचाईत. प्रत्येकाच्या रंगाचा नमुना पुढच्या खिडकीच्या चौकटीवर ओढायचा, दुसऱ्या दिवशी घासून काढायचा. घासूनही चौकटीवर हिरव्या, तपकिरी, राखाडी पट्ट्यांच्या खुणा राहून राहून ती पार बहुरुप्यासारखी दिसायला लागली. "मावशी," तो काकुळतीला येऊन म्हणायचा, "लग्नसराई तोंडावर आली. लग्नाची घरं रंगवायची आहेत मला. एकदाचं ठरवा हो!"

"ठरलंच आहे रे. फक्त अक्काला एकदा दाखवते. तू चहा घे."

त्याचा तो घासायचा खरखर आवाज घरात असला की बाईंना बरं वाटे. आत भाजी चिरताना त्या मुद्दाम पंखा बंद ठेवत, आवाज नीट यावा म्हणून.

पण सगळ्यांना हो म्हणणारा माणूस एक दिवस सगळ्यांच्या तावडीत सापडतोच. माघ संपता संपता एका दुपारी नाना सायकलवर आले, आणि त्यांच्या मागोमाग रिक्षा. भिकुबाई उतरली. चौकटीवरचा तपकिरी पट्टा बघून तिने विचारलं, "हाई काय शे?"

"माझा रंग," नाना ऐटीत म्हणाले. "तोच लागणार आहे."

"तुना? माले तर हिने हिरवा सांगेल व्हता!"

जुंपली दोघांची. बाई मध्ये पडून "अहो, ऐका तर" करतायत, पण ऐकतं कोण! शेवटी शिडीवरून रुपचंदच बोलला. बिचाऱ्याचा धीर सुटला होता. "कशाला भांडता? मावशींनी दूधवाल्यालासुद्धा शब्द दिलाय. अख्ख्या गावाला हो म्हणून बसल्यात त्या!"

 भिकुबाईचा चेहरा उतरला. "द्रौपदा, आमले काय याडं समजस का तू? मी एवढी गुडघा धरी धरी येस, आन् तू आमना तमासा करस?"

बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग ओळीतल्याच बोलीत, एकदाचं, बोलून टाकलं, "तमासा नई व अक्का. रंग ठरी गया, का मंग मना घर कोन येई?"

नाना सायकलची घंटी उगाच पुसत राहिले. भिकुबाई पुढे झाली, तिने बाईंच्या पाठीवरून हात फिरवला. डोळे तिचेही भरले होते, खोटं नाही. "आसं काय बोलस व! आमी शेतस ना. येसू व माय, येसू," ती म्हणाली.

तेच शब्द. तसेच, त्याच सुरात. बाईंनी मान हलवली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि भिकुबाईला नातवाला शाळेतून घ्यायचं होतं.

ते गेल्यावर बाई रुपचंदला म्हणाल्या, "निळा आण."  दुसऱ्या दिवशी डबा आला, पट्टे घासले गेले, आणि दोन दिवसांत एकेक खिडकी निळी होत गेली. रंग सुरेख बसला होता. रुपचंदचा हातही झपाझप चालत होता, त्याला सुटका हवी होती. शेवटी रस्त्याकडची, नमुन्यांची ती खिडकी राहिली. त्याने ब्रश बुडवला.

"ती राहू दे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"एक खिडकी राहू दे. तशीच."

"अहो मावशी, गंज धरेल. पाऊस आला की लोखंड फुगेल. लोक म्हणतील पेंटर अर्धं काम टाकून पळाला."

"म्हणू देत. गंज धरला तर तू ये पुन्हा घासायला."

रुपचंदने त्यांच्याकडे पाहिलं.  ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुतला, उरलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण ठोकून बसवलं आणि डबा बाईंच्या हवाली करून गेला.

रविवार बघून घरात बुद्धवंदना झाली. भंतेजी आले, सपना मुलांना घेऊन सुरतेहून आली, अख्खी ओळ झाडून आली. खीर झाली, घराचं कौतुक झालं. निळ्याला कुणी नावं ठेवली नाहीत, नानांनीसुद्धा नाही. रंग लागून गेला होता, आता बोलायचं काय राहिलं? संध्याकाळी ओळ परतली. रात्रीच्या गाडीने सपनाही गेली. जाताना म्हणाली, "आई, आता कसं सगळं छान झालं! मला काळजी नाही." पुढचा फोन रविवारी आला. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का.

उन्हं तापायला लागली. बाई पुढच्या खोलीत खाटेवर बसून त्या एका लाल खिडकीतून रस्ता बघत राहायच्या. रस्त्यावर नुसता फुफाटा.

मग एका दुपारी कोपऱ्यावरच्या प्लॉटपाशी एक तरुण बाई दिसली. हातात मोजायची टेप, डोक्यावर ओढणी. प्लॉट तिचाच असावा, घराच्या पायाची आखणी बघायला आली असावी. जाता जाता ती या घरासमोर थबकली, खिडक्यांकडे पाहिलं, आणि हाक मारली, "अक्का, ही एक खिडकी राहिली वाटतं तुमची?"

बाई चटकन उठल्या. खाटेपाशी निळ्या रंगाचा डबा होता, तो पायाने आत खाटेखाली सरकवला.

"हो ना गं बाई! रंगच ठरत नाही बघ. ये ना आत. उन्हात कशाला उभी? नाव काय तुझं?"

"सारिका," ती आत येत म्हणाली. चौकटीवरून बोट फिरवून हसली. "यात काय ठरवायचं, अक्का? बाकीच्या निळ्या आहेत, हिलाही निळाच लावून टाका."

"असं म्हणतेस?" बाईंनी पातेल्यात दोघींचं पाणी ओतलं. "पण आत्ताच्या उन्हात नीट कळत नाही गं. निळा सकाळच्या उन्हात वेगळाच दिसतो. तू असं कर, उद्या सकाळी ये आणि बघ."