चौदा नंबरच्या मशीनवरचे बारा धडे

आधीच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर इतकं वाकडं की कधी कधी माझं मलाच लागत नाही. चारचौघांत बोलायला जमत नाही, म्हणून वहीत लिहिते आहे. पाठवीन की नाही, माहीत नाही. ज्या मासिकात लोकांचे असे अनुभव येतात ते मी लायब्ररी झाडताना उभ्याउभ्या वाचते... आणि खरं सांगते, वाचून हसते.

आम्ही बौद्ध. माझे वडील मनमाडला रेल्वेत खलाशी होते. गंडेदोरे, अंगात येणं, उतारे, त्यांनी काही घरात शिरू दिलं नाही. मीही कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. मग जे झालं ते काय होतं, एवढंच मला कोणी सांगत नाही.

नाशिकला एका विद्यापीठाच्या इमारतीत मी कंत्राटदाराकडून सफाईला आहे. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, नोकरी आहे. देवळाली कॅम्पहून सकाळची बस, द्वारका चौकात दुसरी, आठला हजर. पहिला मजला माझ्याकडे. त्यात कॉम्प्युटर लॅब आहे, तीस मशीनची. चौदा नंबरचं मशीन तिसऱ्या रांगेत, भिंतीकडून दुसरं.

दोन वर्षांपूर्वी हजेरीसाठी अंगठ्याचं यंत्र आलं. फिनेल आणि ॲसिडने माझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्या आहेत. रोज दहा वेळा अंगठा दाबायचा आणि यंत्राने ओळखच द्यायची नाही. आमच्यातल्या चौघींचं असंच. म्हणून आम्हाला विद्यापीठाचं खातं काढून दिलं. सकाळी लॅबमध्ये जाऊन नाव आणि पासवर्ड टाकला की हजेरी लागते. खातं देताना चौदा नियमांच्या इंग्रजी कागदावर सह्या घेतल्या. बाकीच्यांनी लगेच केल्या. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा.

लॅबचे भामरे सर सटाण्याकडचे, स्वभावाने चांगले. त्यांनी बसून मराठीत सांगितलं. सातवा नियम मला पाठ आहे. आपला पासवर्ड कोणालाही सांगू नये, कोणीही विचारला तरी.

सरांनी एका कागदावर मराठी अक्षरं आणि त्यांच्यासमोर इंग्रजी बटणं लिहून दिली. "ताई, फक्त तुम्हालाच माहीत असेल असा शब्द टाका. मी तोंड फिरवतो." मला एक शब्द टाकायला पाव तास लागला. सर भिंतीकडे बघत उभे राहिले.

आमचा सुपरवायझर सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत लिहून घ्यायचा.

"ताई, तुमचाच तेवढा राहिलाय. विसरलात तर माझ्याच डोक्याला ताप."

"नियमात सांगू नका लिहिलंय."

"नियम पोरांसाठी असतात हो! तुम्ही काय बँक लुटणार आहात का?"

माझ्याबरोबर काम करणारी हिराबाई म्हणाली, "सांगून टाक ना माय. आमचे सगळ्यांचे एकच हायेत, एक दोन तीन चार." मी नाही सांगितला. म्हणजे नियम पाळणारी चौघींत मी एकटी. हे लक्षात ठेवा, कारण पुढे अडकले ती मीच.

यंदा जानेवारीत मनमाडला आई पडली. खुब्याचं हाड मोडलं. रजेचा अर्ज देऊन मी गेले, मंगळवारपासून पुढच्या आठवड्याच्या शनिवारपर्यंत. दवाखान्यात रात्रंदिवस तिच्याजवळ होते. परत कामावर आले तर झाडू हातात घ्यायच्या आधीच विभागाच्या मॅडमनी बोलावलं.

"तुमचं खातं कोण वापरत होतं?"

"कोणी नाही मॅडम."

त्यांनी कागद पुढे केला. रविवार सोडून अकरा दिवस, रोज दुपारी एक ते दीड, चौदा नंबरच्या मशीनवर माझं खातं उघडलेलं. दुसरं काही पाहिलेलं नाही, फक्त टायपिंग शिकायचा प्रोग्रॅम. रोज एक धडा. पहिल्या धड्यात एक्केचाळीस चुका, अकराव्यात पाच.

"तुम्ही पासवर्ड दिला. सातवा नियम मोडला. तुमचं खातं फक्त हजेरीसाठी होतं, म्हणजे तिसराही मोडला."

मी म्हटलं, एक ते दीड लॅबला कुलूप असतं. किल्ली भामरे सरांकडे, आणि सर तेव्हा खाली स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर जेवतात. कॅमेरा बघितला. चौदा नंबरचा पडदा चालू दिसतो. खुर्ची थोडी मागे ओढलेली दिसते. खुर्चीवर कोणी नाही. मॅडम म्हणाल्या, "कॅमेऱ्याचा अँगल चुकलाय." शेजारचं तेरा नंबर मात्र सगळं नीट दिसत होतं.

मग कमिटी बसली. मॅडम धरून तीन माणसं, चहा, बिस्किटं, आणि मी उभी.

"पासवर्ड काय होता? सोपा असेल तर कोणी ओळखला असेल. सांगा, म्हणजे तुमचीच बाजू बळकट होईल."

"सांगता येणार नाही."

"अहो, आम्ही कमिटी आहोत. आम्हाला सांगायला हरकत नाही."

"कोणीही विचारला तरी, असं लिहिलंय साहेब."

आयुष्यात मी साहेब लोकांना दिलेलं हे पहिलं उलट उत्तर. एक जण हसले. मॅडम हसल्या नाहीत. तीन हजार रुपये दंड, त्या महिन्याच्या पगारातून एकदम कापले. खातं त्याच दिवशी बंद. आणि "पुन्हा काही झालं तर कामावरून कमी," हे कंत्राटदाराने फोनवर वेगळं सांगितलं.

नियमासाठीच सांगितलं नाही असं नाही. तो शब्द एक नाव होतं. माझी पहिली मुलगी बाराव्या दिवशी गेली. नामकरण व्हायचं राहिलं. मी मनात एक नाव धरलं होतं, ते मिस्टरांनाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना वाटतं ती बिननावाचीच गेली. आज असती तर एकोणीस वर्षांची असती. त्या लॅबमध्ये रोज येतात त्या मुलींएवढी. ते नाव तीन माणसांच्या बिस्किटांपुढे मी काढणार नव्हते. इथेही लिहीत नाही.

हिराबाई म्हणाली, "लिंबू उतरव त्या मशीनवरून. काहीतरी हाय तिथं."

मी चिडले. "माझे तीन हजार लिंबाने परत येणारेत का?" खरंच, माझा राग चौदा नंबरवर नव्हताच. कागदावर जे लिहिलंय तेच खरं, आणि मी मनमाडला होते हे दवाखान्याचा कागद दाखवूनही खोटं, याचा होता.

नंतरचा आठवडा काहीच झालं नाही. हजेरी मी रजिस्टरवर सही करून लावत होते. मग एका मंगळवारी दुपारी मी आणि हिराबाई लॅबबाहेर डबा खात बसलो होतो. सर नुकतेच कुलूप लावून खाली गेलेले. आतून आवाज आला... टक. टक टक. नवखं माणूस बोट शोधत दाबतं, तसा.

हिराबाईचा घास हातातच राहिला. "ऐकलंस का?"

मी दाराच्या काचेतून पाहिलं. चौदा नंबर लागलेलं. हिराबाई धावत जाऊन सरांना घेऊन आली. कुलूप उघडून आम्ही तिघं आत गेलो. भर दुपार, खिडक्यांतून ऊन, बाकीची एकोणतीस मशीन बंद. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. चुकलं की पुसलं जायचं, पुन्हा यायचं. मी वाकून बटणांकडे पाहिलं. बटणं जागची हलत नव्हती. आवाज मात्र तिथूनच येत होता.

"कोणीतरी बाहेरून चालवतंय," सर म्हणाले आणि त्यांनी मागची नेटची वायर उपटली. अक्षरं थांबली नाहीत. सर वायर हातात धरून तसेच उभे. "मी स्वतः बंद केलंय हो हे खातं," एवढंच म्हणत राहिले.

वरच्या कोपऱ्यात माझं नाव होतं. मी खुर्चीला हात लावणार होते... लावला नाही. कोणी बसलेलं असताना मधे हात घालू नये, असं काहीतरी वाटलं. धडा संपला. आकडे मला वाचता येतात. धडा बारा. चुका शून्य. मग पडदा काळा झाला.

मॅडमकडे गेलो. सरांनी पाहिलं तसं सगळं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला.

"सर, हे मी वर काय लिहून पाठवू? बटणं न दाबता टाइप झालं?"

"झालं तेच सांगतोय मॅडम."

"फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत. वापरणाऱ्याची चूक, नाहीतर तांत्रिक चूक."

शेवटी तांत्रिक चूक लिहिलं. खातं बंद असताना त्यावर काम झाल्याची नोंद होते, म्हणजे नोंदींवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणजे आधीच्या अकरा नोंदीही धरता येत नाहीत. म्हणजे माझा दोष नाही. मला दोन महिने ओरडून पटवता आलं नसतं ते एका ओळीत पटलं. पण कोणी विचारलं नाही की मग ते होतं कोण. मी चौकशी करा म्हटलं. "अहो, तुमच्या बाजूने निकाल लागलाय, आता कशाला उकरता?" हे उत्तर मिळालं.

दंड परत मिळण्यासाठी एक अर्ज होता. भामरे सरांनी वाचून दाखवला. माझं जुनं खातं सगळ्या नोंदींसकट कायमचं पुसून टाकायला माझी संमती आहे, अशी खाली ओळ. हजेरीसाठी नवं खातं, नवा पासवर्ड.

"सर, त्या प्रोग्रॅममध्ये एकूण धडे किती?"

"तीस."

"पुसल्यावर?"

सर चष्मा पुसत बसले. "पुसल्यावर काही राहत नाही, ताई. सही न करून चालेल, पण मग पैसे अडकतील. आणि कंत्राटदार तुम्हाला ठेवणार नाही."

आईच्या औषधांची चिठ्ठी पिशवीत होती. मी सही केली.

तेव्हापासून रोज एक ते दीड मी लॅबच्या दाराशी डबा खाते. आवाज येत नाही. चौदा नंबर सकाळी इतर मशीनसारखंच पुसते. ते काय होतं, मला माहीत नाही. सरांनाही नाही, त्यांनी तर त्या दिवसानंतर तो विषयच काढला नाही.

पैसे मिळायलाही चार खेपा झाल्या. एकदा क्लार्क रजेवर, एकदा शिक्का नाही, एकदा कंत्राटदाराची सही राहिलेली. चौथ्या खेपेला क्लार्कने खिडकीतून नोटा सरकवल्या. "मोजून घ्या ताई. नंतर तक्रार चालणार नाही." मी तिथेच उभी राहून मोजले. तीन हजार, पूर्ण.